हिवाळी पत्रकाची वाचक

आमच्या नगरपरिषदेच्या कार्यालयात हिवाळा दरवर्षी पत्रकरावांच्या टेबलावर सुरू होतो. बाहेर झाडांची पानंही धड गळलेली नसतात, आणि हे गृहस्थ कपाटातून गेल्या वर्षीचं हिवाळी पत्रक काढतात, फुंकर मारून धूळ उडवतात, वरचं साल बदलतात आणि चहाला जातात. चहा पिऊन परत आले की यंदाचं पत्रक तयार असतं. त्यांचं खरं नाव हजेरीपटावर आहे, पण ते हजेरीपटाशिवाय कुणाला आठवत नाही.

माझं टेबल त्यांच्या शेजारी. मी हेल्पलाइनवर बसते. लोक फोन करून सांगतात की दारासमोर कमरेएवढा बर्फ आहे, आणि मी सांगते की आपली तक्रार नोंदवून घेतली आहे. नोंदवून घेते हे मात्र खरं. वही भरली की ती कपाटात जाते, पत्रकाच्याच खणात, आणि तिथे दोघं एकमेकांना सोबत करतात. अठरा वर्षं मी हे काम केलं, पण पत्रक वाचून कुणी फोन केला असं एकदाही झालं नव्हतं.

पत्रक तसं देखणं. बारा पानं, गुळगुळीत कागद. पहिल्या पानावर अध्यक्ष गळ्याला मफलर गुंडाळून, हातात बर्फाचं फावडं घेऊन हसतायत. फावड्यावरची दुकानाची चिठ्ठी अजून निघालेली नाही. आत सगळी सुबत्ता. प्रमुख रस्ते सकाळी सातच्या आत मोकळे. एकट्या राहणाऱ्या वृद्धांना घरपोच गरम जेवण. प्रत्येक कोपऱ्यावर बर्फ वितळवायला मिठाची पोती, कुणी घसरू नये म्हणून. आणि सातव्या पानावर, वाचनालयाच्या सभागृहात नऊ ते सहा उबदार कक्ष. ते वाचून मला नेहमी वाटायचं, हे गाव कुठे आहे ते कळलं तर आपणही तिथे राहायला जाऊ.

यावर सात सह्या लागतात. पहिला सही करतो कारण गेल्या वर्षीही केली होती. दुसरा पहिल्याची बघून करतो, तिसरा दुसऱ्याची बघून, आणि असं करत कागद अध्यक्षांपर्यंत पोचतो तेव्हा ते फोनवर असतात. फोन न ठेवता ते सातवी सही ठोकतात.

पत्रकराव कामचुकार मात्र नव्हते. हे सांगायलाच हवं, नाहीतर मला पाप लागेल. नोकरीला लागले त्या वर्षी ते सायकल घेऊन गावभर हिंडले. कोपऱ्याकोपऱ्यावर उतरून मिठाची पोती मोजली, गरम जेवणाचा डबा कुणाकडे पोचतो ते विचारलं, आणि जे दिसलं ते लिहिलं. पत्रक भरलं एक पान. तेव्हाच्या साहेबांनी ते दोन बोटांत धरून परत केलं. "मागच्या वर्षी बारा पानं होती. तुम्ही आल्यावर सेवा कमी झाल्या का?" पत्रकराव मान खाली घालून टेबलाशी बसले ते बसलेच. तेव्हापासून मागच्या वर्षीच्या पत्रकावरून यंदाचं करायचं, हा कार्यालयाचा शिरस्ता झाला.

त्यांना एक मोठी बहीण. घरात दोघंच. आई लवकर गेली, तेव्हा ताईंनी शाळा सोडून शिवणयंत्र धरलं आणि धाकट्याला शिकवलं. आता त्या गावाच्या वरच्या टोकाला, एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एकट्या राहतात. गुडघ्यांनी संप पुकारलेला. पत्रकराव दर रविवारी भाजी आणि औषधं घेऊन जातात. ताईंच्या फ्रिजच्या दारावर सगळ्या वर्षांची पत्रकं एकाच चुंबकाखाली लावलेली आहेत, हे त्यांनीच मला हसत हसत सांगितलं होतं.

"वाचत नाही हो ती, नुसतं लावते," ते म्हणाले होते. "माझं प्रगतिपुस्तकसुद्धा तिने असंच भिंतीला लावलं होतं. गणितात नापास असलेलं."

गेल्या उन्हाळ्यात वाचनालय बंद झालं. तिथला माणूस निवृत्त झाला, नवा कुणी नेमला नाही, दाराला कुलूप लागलं. सभागृहात चाकांचा मोठा हीटर होता, तो अध्यक्षांच्या दालनात आला. आमच्याच खोलीतून शिपायाने तो ढकलत नेला. पत्रकरावांनी खुर्चीखालचे पाय वर घेऊन त्याला वाट करून दिली. आणि दोन महिन्यांनी याच पत्रकरावांनी साल बदललं आणि ते चहाला गेले.

छापून आलेला गठ्ठा मी सोडला तेव्हा माझं लक्ष गेलं.

"अहो पत्रकराव, सातव्या पानावर वाचनालय आहे."

"मग?"

"मग काय मग! त्याला कुलूप आहे ना!"

त्यांचा चेहरा पडला. उठून साहेबांकडे गेले. पाच मिनिटांत परत आले, तेही साहेबांची री ओढत. "दुरुस्तीचं पत्रक काढायचं तर पुन्हा सात सह्या. आणि मग बंद कुणी केलं, हीटर कुठे गेला, हे निघणार. साहेब म्हणतात, असू दे. वाचतंय कोण?" मग खुर्चीत बसून, माझ्याकडे न बघता म्हणाले, "खरंच बाई, वाचतंय कोण?"

मला राग आला होता. पण मीही मूग गिळून गप्प बसले, कारण मलाही तसंच वाटत होतं.

त्या हिवाळ्यात बर्फ सुरू झाला तो थांबेचना. चौथ्या दिवशी सव्वाअकराला माझा फोन वाजला. पत्रकराव शेजारी शब्दकोडं सोडवत होते.

"हेल्पलाइन का? माफ करा हं, कामाच्या वेळेत त्रास देतेय."

माझ्याशी लोक असं बोलत नाहीत. मी सावरून बसले. "बोला ना."

"मी वाचनालयाच्या दारात आहे. पान सातवर लिहिलंय, नऊ ते सहा उबदार कक्ष. पण कुलूप दिसतंय."

माझा हात सवयीने वहीकडे गेला. "आपली तक्रार नोंदवून घेतली आहे."

"तक्रार नाही हो! मागच्या दाराने यायचंय का, एवढंच विचारत होते. माझ्या घरचा हीटर काल सकाळी बंद पडला, म्हणून निघाले. वाटेत बर्फ फार, दीड तास लागला. माझीच काहीतरी चूक होत असणार. पत्रक माझा भाऊच लिहितो, तुमच्याच ऑफिसात. नसलेलं तो लिहायचा नाही."

मी शेजारच्या टेबलाकडे बघितलं. "मग भावाला नाही का फोन केलात?"

"त्याला कशाला? हिवाळ्यात त्याला मान वर करायला फुरसत नसते. आणि पत्रकात हाच नंबर दिलाय ना, अडचण आली तर म्हणून."

मी रिसीव्हर शेजारच्या टेबलावर सरकवला. पत्रकरावांनी तो कोड्यावरची नजर न काढता कानाला लावला, आणि मग त्यांची पेन्सिल खाली पडली.

"ताई? तू? कधीपासून उभी आहेस? पायात काय आहे? बसू नकोस ताई, हलत राहा. आलो मी."

वाचनालयाची चावी अध्यक्षांच्या दालनात, हीटरबरोबर आली होती. पत्रकराव दार न ठोठावता आत शिरले आणि मी त्यांच्या मागे. आत थंडीच्या पूर्वतयारीची बैठक चालली होती. हीटर इतका पेटला होता की आठही जण कोट काढून बसले होते आणि कुणीतरी खिडकी किलकिली केली होती. पत्रकरावांनी खिळ्यावरची चावी काढली, वाकून हीटरचा प्लग उपटला.

"अहो, काय चाललंय हे?" अध्यक्ष म्हणाले.

"हीटर नेतोय. वाचनालयात."

साहेब उठले. "लेखी आदेश आहे का?"

पाहुण्यांना द्यायला म्हणून पत्रकांची चळत टेबलावरच होती. पत्रकरावांनी एक उचललं, सातवं पान उघडून साहेबांच्या समोर धरलं. "'उबदार कक्षात हीटरची सोय राहील.' शेवटच्या पानावर सातही सह्या छापल्या आहेत. सहावी तुमची, सातवी यांची."

अध्यक्षांनी पत्रक हातात घेतलं आणि ओठ हलवत वाचलं. "हे आपण छापलंय?" त्यांनी विचारलं. त्यांच्या आवाजात खरंखुरं नवल होतं. एका सभासदाने शहाण्यासारखे पाय वर घेतले आणि हीटरला वाट करून दिली.

आवारात बर्फ काढायची गाडी उभी होती आणि ड्रायव्हर तिच्यात पेपर वाचत बसला होता. "ऑर्डर आल्याशिवाय हलवत नाही," तो म्हणाला. पत्रकरावांनी त्याला तिसरं पान दाखवलं. त्याने रस्त्यांची यादी बोट ठेवून वाचली, सह्या वाचल्या, आणि भडकला. "एवढं लेखी आहे आणि मला चार दिवस बसवून ठेवलंय? चढा वर!" आम्ही हीटर वर चढवला. माझ्या आठवणीत वाचनालयाच्या रस्त्यावरून ती गाडी पहिल्यांदाच गेली.

वाचनालयाच्या दारात एकट्या ताई नव्हत्या. पाच जण होते, आणि चक्क रांगेत. प्रत्येकाच्या हातात पत्रक. सगळ्यात पुढे एक म्हातारे पोस्टमन, निवृत्त. ते म्हणाले, "मी कालही आलो होतो, परवाही. म्हटलं, बर्फामुळे उशीर होत असेल."

ताई पायरीवर बसल्या होत्या. ओठ निळे, बोटं पत्रकावर आखडलेली. भावाला बघून त्या रांगेकडे वळल्या. "बघा, म्हटलं नव्हतं? वेळ लागेल, पण तो लिहितो ते होतंच."

पत्रकरावांनी कुलूप काढलं. आत नेऊन त्यांनी ताईंचे ओले मोजे सोडवले आणि ते पांढरेफटक पाय आपल्या स्वेटरच्या आत पोटाशी धरून बसले. मला रडू आलं आणि राग आला, आणि तो राग बराचसा माझा माझ्यावरच होता. त्या पाच माणसांबद्दल आम्ही दोघांनी मिळून म्हटलं होतं, वाचतंय कोण.

ताई नऊ दिवस इस्पितळात होत्या. थंडीने निकामी झालेली डाव्या पायाची दोन बोटं काढावी लागली. पत्रकरावांना 'कारणे दाखवा' नोटीस आली. पत्रकाबद्दल नव्हे, विनापरवानगी कार्यालयीन वस्तू हलवल्याबद्दल. आठवड्याने अध्यक्षांनी वाचनालयात येऊन हीटरशेजारी फोटो काढून घेतला, आणि मग हीटर परत मागायची सोयच उरली नाही. चावी पत्रकरावांनी दिलीच नाही. हिवाळाभर रोज सकाळी ते स्वतः दार उघडायचे आणि मग ऑफिसला यायचे, उशिरा, आणि कुणी त्यांना काही बोललं नाही.

पुढच्या वर्षी पानगळ सुरू होताच ते दोन आठवडे ऑफिसात दिसले नाहीत. सायकलवर होते. पत्रक झालं एका पानाचं, मागची बाजू कोरी. चार गोष्टी होत्या, चारही त्यांनी डोळ्यांनी पाहिलेल्या. मी म्हटलं, आता साहेब उसळणार. कसले उसळतात! सातही सह्या तीन दिवसांत होऊन आल्या. कुणी वाचलंच नव्हतं.

रविवारी ते पान घेऊन ताईंकडे निघाले, तेव्हा मीही बरोबर गेले. ताईंनी चष्मा लावला, पान वाचलं, उलटून पाहिलं.

"यंदा एवढंच?"

"एवढंच आहे, ताई." पत्रकराव जमिनीकडे बघत होते. "आधीही एवढंच होतं."

ताईंनी फ्रिजवरच्या जाड गठ्ठ्याकडे पाहिलं.

"अरे, मी सगळ्यांना वाचून दाखवत होते," त्या म्हणाल्या. "खालच्या मजल्यावरच्या दोघींना डोळ्यांनी दिसत नाही. दर वर्षी त्यांच्याकडे बसून पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचायचे. गरम डब्याची त्या आठवडाभर वाट बघायच्या. पोस्टमनला वाचनालयाचं मीच सांगितलं होतं."

"मला वाटलं, तू वाचत नाहीस. नुसतं लावतेस."

ताईंनी चष्मा काढून पदराने पुसला. मग ते पान भावाच्या हातात परत दिलं.

"चल खाली. यंदाचं तू वाचून दाखव. आणि आधीच्याचंही तूच सांग त्यांना, मला नाही जमणार."

पत्रकराव कागद घेऊन जिन्याकडे निघाले. मी आधाराला हात पुढे केला, पण ताईंनी तो घेतला नाही. कठडा धरून, डावा पाय जपत, त्या भावाच्या मागोमाग एकेक पायरी उतरायला लागल्या.