नाउरूची माती

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा आमचं बोलणं बंद होऊन सात महिने झाले होते. बोर्डीहून डहाणूला जाताना रिक्षात मला रडूही येईना.

दादा तीस वर्षं मालवाहू जहाजांवर खलाशी होता आणि मी भूगोलाची शिक्षिका. गेल्या पावसाळ्यात मी त्याला वर्गात बोलावलं, प्रशांत महासागरातल्या नाउरू देशाबद्दल सांगायला. छान बोलला. डहाणूहून बोर्डी गाठावी तेवढ्या रस्त्यात अख्ख्या बेटाला वळसा होतो, म्हणाला. किनाऱ्याला माड आणि मधल्या उंचवट्यावर खतासाठी लागणारं फॉस्फेट. जर्मन अमलात ते खणायला सुरुवात झाली, पुढे ऑस्ट्रेलिया-ब्रिटनकडे जहाजं भरभरून गेली. महायुद्धात जपान्यांनी बरीच माणसं दुसऱ्या बेटावर हलवली, त्यातली कित्येक परतलीच नाहीत. स्वतंत्र झाल्यावर बेटवाल्यांनीही खणणं चालू ठेवलं, काही वर्षं श्रीमंतीत काढली. आता मध्ये नुसते चुनखडीचे सुळके… ना शेत, ना घर.

वर्गात वाढवणची दर्शना होती, शाळेच्या वसतिगृहात राहणारी. घर मासेमारीवर चालणारं, आणि गावासमोरच्या समुद्रात बंदर येणार म्हणून घरात सतत धास्ती. तिनं शांतपणे विचारलं, “काका, ती माती तुम्हीपण भरलीत?”

“भरली.”

“मग तिथलं कोणी तुम्हाला काही बोललं नाही?”

दादा उठला आणि वर्गाबाहेर गेला. मी तिला गप्प करायला हवं होतं, असं त्याचं म्हणणं. मी म्हणाले, प्रश्न बरोबर होता. त्यानंतर त्यानं माझा फोन उचलला नाही, आणि मीही हट्टाला पेटले. भाऊबीजेलासुद्धा गेले नाही.

तेराव्याला दर्शना आईबरोबर आली. दादाच्या खोलीत बसून तिनं सांगितलं, की भाऊबीजेच्या दिवशी काका एसटीनं वाढवणला आले होते. तिच्या प्रश्नाचं उत्तर द्यायला. नाउरूला जहाजावर कामाला येणाऱ्या तिथल्याच एका म्हाताऱ्यानं त्यांना इंग्रजीत विचारलं होतं, माझ्या आजीची जमीन तुमच्या जहाजात आहे, कुठे नेताय?

“मग दादा काय म्हणाला त्याला?”

“इंग्रजी कळत नाही असं दाखवलं. पण कळलं होतं, म्हणाले. मी आहे तोवर हे बाईंना सांगू नकोस, असंही म्हणाले.”

मी खाटेकडे बघत राहिले. पायथ्याशी चादरीची चौकोनी, करकरीत घडी होती, जहाजावर घालायची सवय लागली होती तशी. ती मी अजून मोडलेली नाही.