टाकी वर, खाट अंगणात

सन २०२४. मी त्र्याहत्तर वर्षांचा होतो. एका सकाळी जमीन हादरली, मांडणीवरची भांडी वाजली अन् लगेच थांबलं. अकोल्याच्या जुन्या शहरातलं आमचं दुमजली घर जिथल्या तिथं उभं. पण बायकोनं त्याच दिवशी खाट अंगणात काढली. पाऊस आला तर ताडपत्री ओढे, आत येत नसे. लोक विचारत, "काकू बाहेर काहून?" मले मेल्याहून मेल्यासारखं होई. घर मी उभं केलं होतं, मिस्त्रीसोबत स्वतः गारा कालवून.

शेवटी अमरावतीले दिलेली आमची पोरगी एका इंजिनिअरले घेऊन आली. त्यानं किल्लीनं भिंतीचा चुना खरवडला. चुन्याखाली या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत भेग.

"काळ्या मातीत घर फाकतेच," मी म्हटलं. "दर दिवाळीले सिमेंट भरतो, चुना मारतो."

"काका, भेग मातीची असो की हादऱ्याची, लिंपल्यानं भिंत जुळत नाही. त्यात दुकानाच्या गाळ्यांसाठी तुम्ही खालच्या भिंती पाडल्या. सारं वजन आता खांबांवर. वर ती सिमेंटची टाकी."

नळाले आठवड्यानं पाणी येते इथं. टाकी मोठी नको तर काय?

त्यानं उपाय सांगितला: खांबांभोवती नवं लोखंड अन् काँक्रीट, एका गाळ्यात परत भिंत. तेवढ्या खर्चात आणखी एक मजला चढला असता, मी म्हटलं. गाळ्याचं भाडं बुडणार ते वेगळंच.

"अन् एवढं करून दिसन काय?"

"काही नाही. मोठा हादरा आला अन् घर राहिलं, तर तोच फायदा."

"अन् नाईच आला तं?"

"तर बरंच आहे, काका."

असल्या बोलण्याचा मले संताप येते. बियाणं पेरलं तर उगवलं की नाही, कळते तरी. इथं पैसा खांबात गाडा अन् भूकंपाची वाट पाहा.

पोरगी म्हणाली, "बाबा, मजलाच चढवा तुमी. आई अंगणातून पाहत जाईन."

अंगणातून बायको बोलली, "मले मजला नोको. माह्या डोक्यावरची टाकी काढा, मी आत येतो."



दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीत ओरडून सांगितलं, ज्याले पाणी पायजे त्यानं ड्रम आणा. टाकीचा नळ सोडून दिला. खांबांच्या खर्चाचं मी अजून कोणाले कबूल केलं नव्हतं. पाणी उतरलं तसा टाकी फोडाले घन घेऊन गच्चीवर चढलो.