वसंत मास्तरांची भट्टी

माझा दोस्त वसंता गेल्याचा निरोप चाकणहून आला, तेव्हा मी पिंपरीच्या नव्या कारखान्यात पेट्या उतरवून घेत होतो. निरोप ऐकला आणि उरलेल्या पेट्याही उतरवून घेतल्या. महिना उलटला, अजून आत काही हलत नाही... लोक हळहळतात, मी मान डोलावतो.

वसंता चाकणला शाळेत इतिहास शिकवायचा आणि सुट्टी मिळाली की भामा नदीच्या खोऱ्यातल्या रानात हिंडायचा. तिथं एका वाडीच्या वर त्याला मातीची गोल भट्टी सापडली होती, गुडघाभर उरलेली. भोवती काळी, जड, थिजलेली ढेकळं. लोखंड गाळल्यावर उरतो तो मळ. शिवाय भात्याची हवा आत सोडणाऱ्या मातीच्या नळ्यांचे तुकडे. "याच झाडांचा कोळसा करून इथं लोखंड गाळलंय, राव," तो सांगायचा. "कुठला तुकडा कुठं पडलाय, त्यावरून सगळं उलगडतं." पुण्याचे एक जाणकार गृहस्थ बघायला यायला तयार झाले, तेव्हा या पठ्ठ्याची झोपच उडाली. त्यांना पटलं असतं तर तिथं रीतसर खोदकाम होणार होतं. त्याला आयुष्यात एवढंच हवं होतं.

पाहुण्यांना घेऊन वर चढलो, तर काय... मास्तरांचे साहेब येणार म्हणून वाडीतल्या बायकांनी जागा लख्ख झाडून काढलेली. ढेकळं, खापरं वेचून ओढ्यात फेकलेली. जमीन शेणानं सारवलेली, भट्टी लिंपून तिला शेंदूर फासलेला. पाहुणे एक फेरी मारून म्हणाले, "इथं आता बघायचं काय?" हे सगळं करवून घेणारी म्हातारी भिमाबाई कौतुकानं उभी होती. वसंता तिला म्हणाला, "झकास केलंत, आजी," आणि पिठलं-भाकरी खायला बसला. माझं डोकं फिरलं. उतरताना म्हणालो, "चार शब्द सुनवायचेस तरी."

"कुणाला रे? माझ्यासाठीच केलं त्यांनी."

पुढं तो सुट्टीच्या दिवशी ओढ्यात उतरून ढेकळं वेचत बसायचा. भट्टीखालची जमीन अजून कुणी उकरली नव्हती, तेवढ्या आशेवर होता. मग त्याला ताप आला आणि त्यातच तो गेला.

परवा सांगायला वाडीवर गेलो. भिमाबाईनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "त्या जागंवर आमाला नाचणी करायची व्हती. मास्तर म्हनलं, मी सांगंपातुर थांबा. म्हनून थांबलो. आता कोन सांगनार?"

मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. तरी तोंडातून निघून गेलं, "थांबा."

"कवापातुर?"

तिनं उठून आढ्याला टांगलेलं नाचणीच्या बियाण्याचं गाठोडं काढलं आणि सुनेच्या हातात दिलं.

"दळून टाक," म्हणाली. "औंदाबी पेरायची न्हाई."