चार पावलं सरकवलेली खुंटी

तांब्याच्या शोधात जव्हार संस्थानात आलेल्या एका छोट्या कंपनीचा मी जमीन पाहणारा माणूस होतो. छोटी म्हणजे किती, तर मुंबईत दोन शेठ आणि इथे डोंगरात मी, एक मिस्त्री आणि हातानं फिरवायचं एक भोक पाडण्याचं यंत्र. दरबारचा परवाना पावसाळ्यापर्यंतचा होता. तोवर तांब्याचा दगड निघाला नाही तर कंपनी गुंडाळणार, हे शेठनी मला निघतानाच बजावलं होतं. त्याआधी माझ्या दोन नोकऱ्या गेल्या होत्या. तिसरी गेली तर लेकीला माहेरी घेऊन जाईन, असं सासऱ्यांनी पत्रात स्वच्छ लिहिलं होतं. तेव्हा मी घाबरलेला माणूस होतो. हे सबब म्हणून सांगत नाही. घाबरलेली माणसंच जास्त हुशारी करतात, म्हणून सांगतो.

जव्हारहून मोखाड्याकडे जाताना वाट सोडून दोन कोस आत एक पाडा होता. वीस-पंचवीस झोपड्या, नागलीची उतरती शेतं, आणि पाड्याच्या वरच्या अंगाला कातळाच्या फटीतून येणारा एक झरा. तेवढंच पाणी. पण ते भर वैशाखातही आटत नसे. झऱ्याच्या वर एक सपाटी होती आणि तिथल्या दगडात मला हिरवी झाक दिसली होती. मी तिथे खुंटी ठोकली.

पाड्यातल्या लोकांनी नाही म्हटलं नाही. भगत सांगेल तसं करू, म्हणाले. भगत हा पाड्याच्या वतीनं देवाला विचारणारा माणूस. साठीचा, वाळलेला, बोलायला मंद आणि चालायला माझ्याहून चपळ. तो मला ‘तू’ म्हणे. तिकडे सगळेच सगळ्यांना तू म्हणतात, पण पहिले आठ दिवस मला ते झोंबलं होतं. त्याची रीत अशी, की सुपात तांदूळ घ्यायचे, ज्या जागेबद्दल विचारायचं तिथेच बसायचं, चिमटीनं दाणे उचलायचे आणि जोड्या लावायच्या. सगळ्या जोड्या जुळल्या तर देवाची हरकत नाही. एक दाणा एकटा उरला तर त्या जागेला हात लावायचा नाही.

एक दाणा उरला. पाडा उठून घरी गेला. मी मात्र रात्रभर तळमळत पडलो आणि सकाळी भगताकडे जाऊन विचारलं, की एका जागेबद्दल पुन्हा विचारता येत नाही, पण दुसऱ्या जागेबद्दल येतं ना? तो म्हणाला, येतं. मग मी खुंटी उपटली आणि दोन पावलं डावीकडे ठोकली. पुन्हा एक दाणा उरला. तिसऱ्या दिवशी आणखी दोन पावलं सरकवली, आणि जोड्या जुळल्या. भगतानं माझ्याकडे पाहून मान हलवली. मी हात जोडले, आणि तंबूत येऊन मिस्त्रीबरोबर पोट धरून हसलो. चार पावलांनी जमिनीच्या पोटात काय फरक पडतो? वर खुंटी कुठेही असो, खाली दगड तोच. हे शेंबड्या पोराला कळलं असतं. भगताला कळलं नाही, कारण जागा वेगळी आहे असं मी सांगितलं होतं आणि त्याचा माझ्यावर विश्वास होता.

काम सुरू झालं. पाड्यातलेच चार गडी दांडे फिरवत. नळीच्या तोंडाला हिऱ्याचे कण बसवलेले होते. नळी दगड कापत खाली जाई आणि तिच्या पोटातून दगडाची गोल कांडी वर येई. नळीत वरून सतत पाणी ओतावं लागे, आणि ते चिखल होऊन भोकातून परत वर येई. हे पाणी पाड्यातल्या बायका झऱ्यावरून हंड्यांनी आणत. मजुरी मिळते म्हणून खूश होत्या. कांड्यांमध्ये हिरवे ठिपके दिसू लागले आणि मीही खूश झालो. कितीतरी दिवसांनी मला पोटभर जेवण गेलं.

मग एक दिवस तांबडी माती लागली. भाजलेल्या विटेसारखा घट्ट थर, दोन हात जाडीचा. तो ओलांडला आणि भोकातून परत येणारं पाणी थांबलं. ओतू तेवढं पाणी खाली जाऊ लागलं. मिस्त्री म्हणाला, भोक इथेच चिकणमातीनं बुजवू आणि दुसरीकडे बघू, आपण पाण्याचं बूड फोडलंय. डोंगरातलं पाणी अशा तांबड्या थरावरच थांबतं, हे मलाही ठाऊक होतं. पुस्तकात वाचलं होतं, परीक्षेत लिहिलं होतं. पण हिरवे ठिपके दाट होत चालले होते आणि आभाळात ढग दिसू लागले होते. मी म्हटलं, आणखी आठ दिवस.

बदल आधी बायकांच्या लक्षात आला. हंडा भरायला वेळ लागू लागला. मग एका हंड्यासाठी अर्धा दिवस बसावं लागे. सहाव्या दिवशी कातळाची फट नुसती ओली होती, आणि सातव्या दिवशी तीही नाही.

त्यानंतर मी भोक बुजवायला लागलो. नळ्या उपसल्या आणि भोकात चिकणमाती ओतली, शेण ओतलं, भाताचा कोंडा, गोणपाट, माझी दोन धोतरं, काय हाताला लागलं ते कोंबलं. ओणवा होऊन हातानं ठासलं. गडी न सांगता मदतीला आले. तीन दिवसांनी भोक वरपर्यंत भरलं. झरा आला नाही. खाली नदीच्या पात्रात डबकं उरलं होतं, तिथे जाऊन-येऊन तीन कोस चालणं होतं. त्या डबक्याच्या पाण्यानं पोरांना हगवण लागली. दोन पोरं गेली.

पाडा सपाटीवर जमला. मला वाटलं, आता हे मला फाडून खातील, आणि खरं सांगतो, तसं झालं असतं तर बरं वाटलं असतं. पण माझ्याकडे कुणी पाहिलंसुद्धा नाही. सगळे भगताकडे पाहत होते. देवाचा होकार त्यानं दिला होता. एका बाईनं, जिचं पोर गेलं होतं, तिनं विचारलं, की दाणे नीट पाहिले होते का?

“दाने मीच मोजले,” तो म्हणाला. “जोड्या पुऱ्या व्हत्या.”

खुंटी कुणी सरकवली, दोनदा काय उत्तर आलं, यातलं एक अक्षर तो बोलला नाही. मीही बोललो नाही. खाली मान घालून उभा राहिलो.

कांड्या मुंबईला गेल्या. हिरवा रंग तांब्याचा नव्हताच. या काळ्या दगडाच्या पोकळ्यांत तसली हिरवी माती भरलेली असते, असं उत्तर आलं. कंपनी गुंडाळली. पाडाही उठला. कुणी जामसरकडे सोयऱ्यांकडे गेलं, कुणी घाटाखाली. भगताला बरोबर चल असं कुणी म्हटलं नाही.

मी सामान बैलगाडीत भरत होतो तेव्हा तो आला. माझ्यावर रागावलेला नव्हता. बुजवलेल्या भोकाकडे पाहत उभा राहिला.

“देव दोनदा ‘नाय’ बोलला,” तो म्हणाला. “मंग ‘हां’ बोलला. मी जन्मभर त्याला विचारत आलो, तो कधी खोटा बोलला नाय. तू जमिनीतला जाणतो. ती जागा येगळी व्हती ना रं?”

गाडीवान खोळंबला होता. पाड्यातली मागे राहिलेली चार माणसं ऐकू येईल इतक्या जवळ होती.

“वेगळीच होती, बाबा,” मी म्हणालो.

त्यानं मान हलवली आणि एकटाच उतरणीला लागला. जागा एकच होती, एवढं म्हणालो असतो, तर देवानं पहिल्याच दिवशी खरं सांगितलं होतं हे त्याला कळलं असतं.