गाडीवर काय लिहिलं होतं

जनावरांच्या तोंडून राजकारण सांगणारी ती जुनी, जगभर वाचली गेलेली कादंबरी फार थोर आहे, असं कुणी म्हटलं की हल्ली माझं डोकं फिरतं. थोर असेल. माझ्या माहेरी तिने काय केलं ते मी पाहिलंय.

मी शिकवते त्या शाळेतल्या आणि आमच्या कॉलनीतल्या काही जणांचं एक वाचन मंडळ आहे. शनिवारी दुपारी कुणाच्या तरी घरी जमायचं, चहा-चिवडा घ्यायचा आणि पुस्तकावर बोलायचं. त्या कादंबरीची पाळी आली तेव्हा तिचं मराठी भाषांतर मीच मिळवलं. गोष्ट बहुतेकांना ऐकून माहीत असते. शेतावरची जनावरं मालकाला हाकलून देतात, आता सगळे सारखे असं ठरतं, मग डुकरं हळूहळू मालकाच्या खुर्चीत जाऊन बसतात, आणि जन्मभर राबलेल्या घोड्याला म्हातारपणी गाडीत घालून कसायाकडे धाडतात. चर्चा अशी रंगली की विचारू नका. प्रत्येकाला डुक्कर सापडलं होतं आणि प्रत्येकाचं डुक्कर नेमकं दुसऱ्याच्या पक्षात होतं. एक निवृत्त साहेब म्हणाले, हे सगळं तिकडच्या देशांतलं, आपल्याकडे लोकशाही आहे. एक बाई म्हणाल्या, आमच्या अपार्टमेंटचा सेक्रेटरी अगदी असाच. त्या शेतावर आपण स्वतः कुठे उभे आहोत, हे कुणीच विचारलं नाही. मीही नाही.

मला माझं डुक्कर कधीच मिळालं होतं. माझे बाबा विणकर. त्यांच्या तरुणपणी, सूत देणाऱ्या सेठच्या जाचाला वैतागून वस्तीतल्या विणकरांनी स्वतःची सोसायटी काढली. तिचे अध्यक्ष तेव्हा बाबांच्या शेजारच्या मागावर बसायचे. सेठच्या दारात दोघांनी मिळून लाठ्या खाल्ल्या होत्या. पुढे अध्यक्ष मागावरून उठले ते उठलेच. आता ते गाडीतून उतरतात, आणि मागांच्या शेडमध्ये आले की नाकाला रुमाल लावतात.

शहर वाढत वाढत ती शेड मोक्याच्या जागी आली होती. अध्यक्षांना ती बिल्डरला द्यायची होती. लांब, शहराबाहेर कळमेश्वरला औद्योगिक वसाहतीत नवी शेड घेऊ, सगळ्यांचे माग तिकडे लावू, असं ते सांगत फिरत होते. आमसभेत हात वर झाले की काम फत्ते. बरेचसे माग बंदच पडलेले. बाबा मात्र रोज सकाळी शेडमध्ये जायचे आणि हातभर का होईना, विणून यायचे. या वयात ते कळमेश्वरला काय जाणार होते? माग गेला तर माणूस अंथरूण धरणार, हे मला स्वच्छ दिसत होतं. सभेत बाबा उठून नाही म्हणाले असते तर जुने सगळे त्यांच्या मागे उभे राहिले असते. पण अध्यक्षांविरुद्ध एक शब्द काढला की बाबा म्हणायचे, "तो आपला माणूस आहे," आणि विषय तिथेच संपायचा.

म्हणून मी ते पुस्तक माहेरी नेलं. सरळ सांगून कळत नाही ना, मग गोष्टीतून कळेल, असा माझा मास्तरणीचा हिशेब.

बाबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे. अक्षर दिसत नाही, म्हणून रोज शाळा सुटली की जाऊन मी वाचून दाखवायची. आई समोर सूप घेऊन भिवापुरी मिरचीचे देठ काढत बसायची, आणि आम्ही तिघंही ठसकत ठसकत त्या शेतावर जायचो. भिंतीवरचे नियम डुकरं बदलतात तो भाग आला तेव्हा आईने हात थांबवला.

"बाकीच्यायले वाचता येत नव्हतं काय?"

"थोडंफार. नीट वाचता यायचं ते डुकरांनाच."

"असं." ती पुन्हा मिरचीकडे वळली. कोंबड्यांची अंडी विकायला काढतात तिथे पुन्हा म्हणाली, "त्यायले कोणी विचारलं बी नसन." आईने आयुष्यभर घरी बसून बाबांच्या मागासाठी सुताच्या कांड्या भरल्या. सोसायटीची सभासद तिला कुणी केलं नाही. मी मान डोलावली आणि पुढे वाचत गेले. मला बाबांचं पडलं होतं.

घोड्याला नेतात, आणि नेणाऱ्या गाडीवर कसायाचंच नाव लिहिलेलं असतं, तो भाग सभेच्या आदल्या दिवशी आला. बाबांनी चष्मा काढला. डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि ते मिरचीचं नव्हतं, त्या दिवशी आईने सूप काढलंच नव्हतं.

"गाडीवर लिहून होतं, तं कोणी वाचलं काहून नाही?"

"वाचलं बाबा. पण उशिरा. गाडी निघाल्यावर."

ते सदऱ्याच्या टोकाने चष्मा पुसत राहिले. मला इतका आनंद झाला की घरी जाताना मी मिठाई घेतली.

दुसऱ्या दिवशी बाबा दाढी करून, धुतलेला सदरा घालून सभेला गेले. मी शेडच्या दारात उभी होते. अध्यक्षांनी ठराव मांडला आणि विचारलं, कोणाची हरकत? बाबा उठले. बाबा म्हणाले, "मी याच्यासंग लाठ्या खाल्ल्या. हा म्हणते तं माहा हात वर." आणि त्यांनी सगळ्यांच्या आधी हात वर केला. मग बाकीचे हात काय, वर जाणारच होते.

घरी मी रडले, ओरडले. एवढं वाचून दाखवलं ते काय कामाचं, असं वाट्टेल ते बोलले.

"तूच तं वाचलं वं," बाबा शांतपणे म्हणाले. "सगळी जनावरं बदलली. एक घोडा तेवढा शेवटपर्यंत नाही बदलला. मले तोच पटला."

मी भांडून भांडून थकले आणि निघून आले.

बाबांनी त्या पुस्तकाची कौतुकाने एवढी जाहिरात केली की अध्यक्षांनी ते मागून नेलं. आठवड्याभरात परत करायला स्वतः आले. "बढिया पुस्तक आहे पोरी," म्हणाले. "वाचताना सेठ डोळ्यापुढं आला. काय जुलूम केला आपल्यावर!" त्यांच्या चेहऱ्यावर लबाडी शोधायचा मी खूप प्रयत्न केला. नव्हती. माणूस मनापासून बोलत होता, आणि त्याचाच मला जास्त राग आला.

उन्हाळ्यात माग हलवायचा दिवस आला. नवी शेड कुठवर आली, हे विचारायला कळमेश्वरला कुणी गेलं नव्हतं. मी गेले होते. तिथे कुंपणसुद्धा नव्हतं, आणि बाबांना ते मी अजून सांगितलं नव्हतं. शेडसमोर टेम्पो लागला. त्याच्या बाजूला ठळक निळ्या अक्षरांत एका वखारीचं नाव होतं आणि खाली लिहिलं होतं, जळाऊ लाकूड मिळेल. सुटा केलेला माग माणसांनी टेम्पोत चढवला. बाबा एका हाताने टेम्पोला धरून उभे होते. त्यांनी मला हाक मारली.

"वाच बरं वं. गाडीवर काय लिहून आहे?"

मी त्यांच्याकडे पाहिलं. धुतलेला सदरा, तोच, सभेचा. ते वाट पाहत होते. एवढ्या संध्याकाळी मी याचसाठी तर वाचत बसले होते, की एक दिवस त्यांनी हा प्रश्न विचारावा.

"कळमेश्वर," मी म्हणाले. "नव्या शेडचंच नाव आहे, बाबा."

त्यांचा चेहरा उजळला. "पाह्य, मी म्हणलो होतो तुले." मग त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा काढला, दोरीने लाकडाला चरे पडू नयेत म्हणून मधे घातला आणि गाठ स्वतः आवळली.

आई माझ्या बाजूला उभी होती. ती चौथीपर्यंत शिकलेली आहे. निळी अक्षरं तिनेही वाचली होती. टेम्पो वळेपर्यंत ती त्याच्याकडे पाहत राहिली. मग बाबांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली, "डुकरायलेच येत होतं नं वं वाचता, त्या गोष्टीत?"

मी हो म्हणाले.