लिनार्दोस उतरलाच नाही

ग्रीसमधल्या सिरोस बेटावर, एर्मूपोलीच्या धक्क्याला जहाज लागलं की उतारूंच्या लोंढ्यातून उलटा वाट काढत पांढरा डगला घातलेला एक माणूस आत घुसायचा. हा लिनार्दोस. एका हातातल्या टोपलीत पिठीसाखरेत लोळलेल्या लुकुमीच्या वड्या, दुसरीत बदामी हलवा भरलेल्या पातळ पापड्या. जहाज थांबणार जेमतेम बारा मिनिटं. तेवढ्यात सगळे मजले पालथे घालायचे, "लुकुमीऽऽ! सिरोस आलं नि लुकुमी न घेता चाललात?" अशी आरोळी ठोकायची, आणि मागचा दरवाजा वर उचलणारी साखळी खडखडली की टुणकन धक्क्यावर! एकोणचाळीस वर्षं हाच धंदा. लष्करातली सक्तीची नोकरी सोडली तर गड्यानं बेटाबाहेर पाऊल टाकलं नव्हतं. जहाजं चढला हजारो, प्रवास एकही नाही.

याची त्याला लाज तर नव्हतीच, उलट मिजास होती. बाकीचे विक्रेते कधी ना कधी जहाजाबरोबर वाहून गेले होते आणि पुढच्या बेटावरून तोंड लपवत परतले होते. लिनार्दोस त्यांची यथेच्छ टर उडवायचा. त्याची बायको अनेझा त्याच्या गुडघ्यांना तेल चोळताना म्हणायची, "बासष्टी गाठलीस. आता पुरे कर." शेवटी एकदा त्यानं धक्क्यावरच्या भर कॅफेत सगळ्यांदेखत तोऱ्यात सांगून टाकलं, "ज्या दिवशी जहाज मला घेऊन जाईल, त्या दिवशी टोपल्या कायमच्या खाली ठेवीन. शब्द दिला!" असली आचरट वचनं माणूस भरल्या पोटीच देतो.

मे महिन्यातला मंगळवार होता. खिडकीजवळ बसलेल्या एका म्हाताऱ्या बाईंनी लुकुमीचा डबा घेतला आणि सहज विचारलं, "परतताना एक दिवस इथं उतरायचं म्हणते. काय बघू, कुठं जेवू?"

झालं! लिनार्दोसनं टोपल्याच खाली ठेवल्या. "हे बघा बाई, सकाळी उन्हाआधी पायऱ्या चढून वरच्या जुन्या गावात जा. जेवायला धक्क्यावर बसू नका, तिथं नुसता खिसा कापतात. मागच्या गल्लीतल्या खाणावळीत शिरा, सरळ स्वयंपाकघरात जाऊन झाकणं उघडून बघा, आणि बडीशेप घातलेलं सॉसेज मागा. संध्याकाळी मोठ्या चौकात संगमरवरी फरशीवर अख्खं गाव फिरायला येतं. तिथं दोन फेऱ्या मारा, मग गाणं ऐकत एक पेला घ्या."

"किती छान! तुम्ही रोज जात असाल ना बायकोला घेऊन?"

"ती? तिला... घरचं काम असतं," लिनार्दोस म्हणाला आणि अडखळला. पायाखालची जमीन हलली तेव्हाच तो भानावर आला. धावत कठड्याशी गेला तर धक्का दहा वाव मागे पडलेला, आणि दोर सोडणारा त्याचा मित्र योसिफ दोन्ही हात उंचावून बोंबलत होता, "अरे बैला, उतर की!"

जहाज पुढच्या मिकोनोस बेटाला लागलं. तिथून परतीचं जहाज साडेचारला. मग काय करणार? टोपल्या सांभाळत तो गावात गेला. भर दुपारी गल्लीतल्या दारूच्या गुत्त्यांत रात्रीच्या नाचासाठी ढोल बडवून बघत होते. पर्यटकांनी त्याच्या डगल्याचे फोटो काढले. पाण्याला लागून असलेल्या एका टेबलावर बसून त्यानं तळलेलं माकूल मागवलं. वर पवनचक्क्या, पायाशी लाटा. गाव सुंदर होतं, याचा त्याला रागच आला. दोनदा काहीतरी सांगायला म्हणून तो शेजारच्या खुर्चीकडे वळला. खुर्ची रिकामी होती. आपण अनेझाला आयुष्यात काही म्हणजे काही दाखवलं नाही, हे त्याला तिथं कळलं आणि फार वाईट वाटलं. अर्धं माकूल तसंच राहिलं.

संध्याकाळी तो सिरोसला उतरला तेव्हा धक्क्यावर टाळ्या, शिट्ट्या, नुसता धुडगूस. योसिफनं त्याला बाजूला ओढलं. "वहिनीला मी सांगितलंय, तू साखर आणायला गेलायस. आम्ही सगळे तेच सांगणार. तू फक्त गप राहा."

अनेझा कॅफेजवळ उभीच होती. "कुठं होतास?"

एक थाप मारली असती तर टोपल्या वाचल्या असत्या.

"मिकोनोसला," लिनार्दोस म्हणाला. "जहाज घेऊन गेलं मला."

योसिफनं कपाळावर हात मारला.

"बरं, मग? कसं आहे?"

"छान आहे. माकूल खाल्लं. पण एकट्यानं खाण्यात मजा नाही."

अनेझा दोर बांधायच्या खुंटावर टेकली. "पवनचक्क्या जवळून केवढ्या दिसतात? दिवसाही नाचतात म्हणे? आणि बायका काय घालतात रे?" तो सांगत गेला, ती विचारत गेली. जहाजावरची परकी माणसं विचारतात तसंच ती विचारत होती. त्यानं दोन्ही टोपल्या तिच्या पायाशी ठेवल्या.

"घे. शब्द म्हणजे शब्द. उद्यापासून बंद."

अनेझानं टोपल्यांकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"उद्या घे त्या बरोबर," ती म्हणाली. "मी पण येते जहाजावर. आणि खबरदार, इथं उतरलास तर!"