पाहुण्यांसाठी थांबलेली ॲम्ब्युलन्स

आमच्या कॉलेजची ॲम्ब्युलन्स आठवली की आजही माझं डोकं तापतं.

तळेगावच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी आमचं इंजिनिअरिंग कॉलेज. हॉस्पिटल लांब, म्हणून काही मुलामुलींना प्रथमोपचाराचं रीतसर शिक्षण देऊन पथक केलं होतं. दुसऱ्या वर्षाला मीही त्यात गेले. केशरी जाकीट, पाठीला बॅग. मैदानावर कुणाचा पाय मुरगळला, परीक्षेत कुणाला चक्कर आली, की आम्हाला बोलावणं यायचं. आमची प्रमुख पवनानगरकडची, माझ्याहून एक वर्ष पुढे. आवाज न चढवता हुकूम सोडायची.

स्नेहसंमेलनाच्या दुपारी स्टेजमागचं गवत काढायला सफाईच्या मावशींना लावलं होतं. त्यांच्यातल्या एकीची किंकाळी आली आणि आम्ही धावलो. मावशी खाली बसल्या होत्या. घोट्याच्या वर दाताच्या खुणा, रक्त थांबत नव्हतं. सोबतच्या बाईनं विळ्यानं कुंपणाकडं दाखवलं. जाडजूड घोणस सरकत चालली होती.

"लय आग हुतीया गं पोरी," मावशी कण्हल्या.

कुणीतरी रुमालानं पाय करकचून आवळायला निघालं होतं, त्याला प्रमुखनं थांबवलं. पाय हलू नये म्हणून आम्ही तो फळीला बेताचा बांधला. सूज चढणार, म्हणून मी जोडवी काढायला गेले, तर मावशींनी माझं मनगट धरलं.

"जोडवी नगं काढू. मालक हायेत माजे."

"मावशी, बोट जाईल. मी जपून ठेवते, तुम्ही परत घाला."

त्यांनी तोंड फिरवलं आणि मनगट सोडलं.

ॲम्ब्युलन्स समोरच उभी होती. धुऊन-पुसून, पुढे झेंडूचा हार. "चावी सरांकडं हाय," ड्रायव्हर खाली बघत म्हणाला. प्रमुख आणि मी प्रशासकीय अधिकाऱ्यांकडे पळालो.

"सर, घोणस चावलीय. गाडी लागेल."

"कुणाला?"

पहिला प्रश्न हा. चावली कुठे, श्वास चालू आहे का, काही नाही. कुणाला!

"सफाईच्या मावशींना."

"त्या आपल्या स्टाफमध्ये येत नाहीत. कॉन्ट्रॅक्टरला कळवा. आणि पाहुणे पोचतच आलेत, त्यांच्यासाठी ॲम्ब्युलन्स तयार ठेवायला सांगितलंय. ती हलणार नाही."

"सर, बाई मरेल," प्रमुख म्हणाली. तेव्हा मी तिचा आवाज पहिल्यांदा चढलेला ऐकला.

"मग एकशे आठला फोन करा. तेवढं तरी शिकवलंय ना?"

तो फोन आम्ही केव्हाच केला होता. ती गाडी लोणावळ्याकडून येत होती आणि सुट्टीच्या पर्यटकांत अडकली होती. स्ट्रेचर कॉलेजच्या कुलूप लावलेल्या ॲम्ब्युलन्समध्ये. शेवटी पहिल्या रांगेतली, पांढरं कव्हर घातलेली खुर्ची उचलली. मागून कुणीतरी ओरडलं, "अरे, ती पाहुण्यांची आहे!" आम्ही मावशींना तिच्यात बसवलं आणि उचलून नेऊन कॅन्टीनच्या टेम्पोत चढवलं. टेम्पोवाल्यानं भाजीचे क्रेट रस्त्यातच उतरवून ठेवले होते. त्याला कुणी सांगावं लागलं नाही.

आम्ही दोघी सोबत गेलो आणि वाटेतून हॉस्पिटलला फोन केला, म्हणून तिथे सापाच्या विषावरची लस तयार होती. तरी मावशींच्या किडन्यांवर परिणाम झाला आणि डायलिसिस करावं लागलं. त्या वाचल्या. जोडवी मी त्यांच्या मालकांच्या हातात दिली. ते नुसते हात जोडून उभे राहिले, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हात जोडायचे ते कुणी, आणि कुणापुढे?

कॉलेजनं काय केलं? विनापरवानगी कॅम्पस सोडला म्हणून आमच्याकडून खुलासा मागितला. आणि पुढे कॉलेजच्या तपासणीला बाहेरची समिती आली, तेव्हा त्याच अधिकाऱ्यांनी आम्हाला इस्त्रीची जाकिटं घालून उभं केलं. "आमच्या विद्यार्थ्यांनी सर्पदंशाच्या रुग्णाचे प्राण वाचवले," ते हसून म्हणाले आणि मला खूण केली, बोल.

मी बोलले. ॲम्ब्युलन्स कुठे होती, कशासाठी होती, आम्हाला काय उत्तर मिळालं, सगळं. अधिकारी मध्येच म्हणाले, "वेळ कमी आहे, पुढे जाऊ या." समितीतल्या एक बाई म्हणाल्या, "नाही, तिला पूर्ण करू द्या."

त्यानंतर ॲम्ब्युलन्सची चावी गेटवर, वॉचमनजवळ राहू लागली. एवढं झालं. अधिकारी आपल्या खुर्चीत राहिले. मावशींची जागा मात्र कॉन्ट्रॅक्टरनं त्या हॉस्पिटलात असतानाच दुसरीला दिली होती.

मागच्या वर्षी शिरगावला साईबाबांच्या देवळाबाहेर त्या फुलं विकताना दिसल्या. पाय अजून सुजतो म्हणाल्या. बोलता बोलता म्हणाल्या, "त्या दिशी गाडी बिघडली हुती ना गं? म्हून टेम्पोतनं न्यावं लागलं तुमाला."

त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. मी सांगितलं.

"तितंच हुती? चालू?"

"व्हय, मावशी."

त्यांनी हातातला हार खाली ठेवला. मग म्हणाल्या, "त्या सायबाचं नाव काय म्हनलीस?"

मी नाव सांगितलं, आडनावासकट.